परिवाराचे आचार्य : श्रीनागदेवाचार्य

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर परिवारावर जो वियोगाचा प्रसंग ओढवला, त्यात सर्वांत अधिक व्याकुळ झाले ते श्रीनागदेवाचार्य, अर्थात भटोबास. ज्याने इतरांना सावरावे तोच शोकाने खचला होता. स्वामींच्या आज्ञेस अनुसरून ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात आले, आणि तेथील सेवेतच त्यांच्या शोकाला कर्तव्याची दिशा लाभली. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंचेही सन्निधान अंतरले. आता परिवार एकत्र राहणार की विखुरणार, हा प्रश्न आचार्यांसमोर उभा राहिला.

त्या परिवारात शास्त्रज्ञ पंडित होते, राजसभेतील कवी होते, तशाच अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. इतक्या भिन्न अधिकाराच्या जीवांना एकच काम देणे म्हणजे बहुतेकांना निरुपयोगी करून ठेवणे होय. आचार्यांनी ज्याचा जसा अधिकार, तशी त्याला वाट मोकळी करून दिली.

सराळ्याचे म्हाइंभट हे संपन्न आणि वादकुशल पंडित. त्यांची चिकित्सक बुद्धी आचार्यांनी दडपली नाही. तिला लीळासंशोधनाचे क्षेत्र दिले. स्वतःच्या स्मरणातील लीळा तर त्यांनी म्हाइंभटांना सांगितल्याच. शिवाय म्हाइंभट ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन ती विचारून घेत. या श्रमातून सुमारे १२७८ मध्ये लीळाचरित्र सिद्ध झाले. त्याच लीळाचरित्रातून केसोबासांनी स्वामींची वचने निवडून सूत्रपाठाची व दृष्टांतपाठाची रचना केली. आचार्यांची चुलत बहीण महदाइसा जिज्ञासू आणि प्रश्न विचारण्यात निर्भय. तिच्या धवळ्यांनी मराठी काव्यात स्त्रीवाणीचा आद्य मान मिळविला. आचार्यांची ख्याती ग्रंथकर्ते म्हणून नाही. पण हे ग्रंथकार त्यांच्या छायेत वाढले.

मात्र सर्वांना वाव देणे म्हणजे सर्वांच्या मनाप्रमाणे होऊ देणे नव्हे. केसोबास संस्कृतात उत्तम रचना करीत. ती विद्वत्ता परिवाराचे भूषण ठरली असती. तरीही आचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृतामुळे स्वामींचा सामान्य परिवार ज्ञानाला मुकेल, ही त्यांची चिंता होती. पंडितांनी संस्कृतात प्रश्न केला असता, स्वामींनी आपणास मराठीतच निरूपण केले आहे, तेव्हा त्याच भाषेत विचारावे, असे त्यांनी सांगितले. येथे आचार्यांची कसोटी दिसते. परिवाराचे बळ त्यांनी सर्वांत विद्वान शिष्यावरून मोजले नाही. सर्वांत दुर्बळ घटकाला किती कळते, यावरून मोजले. केसोबासांसारख्या पंडिताला हा निर्बंध सोपा नव्हता. पण तो त्यांनी मानला, कारण आज्ञा करणाऱ्याच्या ठायी स्वतःच्या मोठेपणाचा लोभ नव्हता, हे त्यांस ठाऊक होते.

हीच निःस्पृहता शिष्यांतही उतरली. राजा रामदेवराय यादवाने रुक्मिणीस्वयंवरावर आपले नाव घालावे म्हणून धन देऊ केले, तेव्हा नरेंद्रकवीने ते नाकारले. राजसभेत वावरलेला हा कवी पुढे आचार्यांच्या परिवारात रमला.

आचार्यांच्या कार्याची खरी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. त्यांच्यानंतर बाइदेवबासांकडे आचार्यत्व आले आणि परंपरा खंडित झाली नाही. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. तरी लीळा नष्ट झाल्या नाहीत. ज्यांना त्या मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, आणि त्यावरून नवे पाठ सिद्ध झाले. त्या सांगणाऱ्यांत हिराइसेचे नाव आजही आदराने घेतले जाते. एका पोथीतले ज्ञान पोथीबरोबर जाते. अनेकांच्या ठायी पेरलेले ज्ञान उरते. शोकाने खचलेल्या नागदेवाचार्यांनी आयुष्यभर हीच पेरणी केली.