मूताँचा मान मिळवणारा बॅरन

काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आदी द्राक्षांच्या मिलाफातून बनणारी, गडद रंगाची आणि जिभेवर भारदस्तपणे रेंगाळणारी 'मूताँ' वाइन १८५५च्या वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीत गणली गेली. हा सल बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी आयुष्यभर बाळगला. १९०२ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या फिलिप यांनी विसाव्या वर्षी बोर्दो प्रांतातील पोयाक येथील वडिलोपार्जित द्राक्षमळ्याची सूत्रे हाती घेतली. पिंपे व्यापाऱ्यांच्या हवाली करण्याची प्रथा मोडून १९२४पासून त्यांनी वाइन मळ्यातच बाटलीबंद केली. महायुद्धात पत्नी एलिझाबेथ यांचा राव्हेन्सब्रुक छळछावणीत अंत झाला. तरीही ते मळ्याकडे परतले आणि १९४५च्या बाटलीवर विजयाचे चिन्ह झळकले. अखेर १९७३मध्ये मूताँला प्रथम श्रेणीचा मान मिळाला. १९८८मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हा तो सल उरला नव्हता.