गगनचुंबी इमारतींना रूप देणारा लुई सलिव्हन शेवटी कफल्लक झाला

१८७१ च्या आगीत शिकागो शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. दोन वर्षांनी बॉस्टनचा १७ वर्षांचा पोरगा कामाच्या शोधात तिथं पोहोचला. नाव लुई सलिव्हन.

शहर नव्यानं उभं राहत होतं. पोलादी सांगाडा आणि लिफ्टमुळं इमारती उंच व्हायला लागल्या. पण त्या दिसाव्यात कशा? बरेच आर्किटेक्ट जुन्या युरोपीय शैलीच एकावर एक रचायचे.

सलिव्हननं उंचीच उठून दिसेल असं केलं. सेंट लुईसमधली १८९१ ची १० मजली वेनराइट बिल्डिंग बघा. तिचे उभे खांब नजरेला थेट वर नेतात. इमारतीचा उपयोग काय, त्यावरून तिचं रूप ठरावं, हा त्याचा विचार.

१८९३ ला मंदी आली. दोन वर्षांनी भागीदार डँकमार ॲडलर वेगळा झाला. इंजिनिअरिंग आणि गिऱ्हाइकं तोच सांभाळायचा. सलिव्हनची कामं आटली. पुढं लहान गावांतल्या बँका बांधून त्यानं दिवस काढले.

१९२४ मध्ये शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो वारला. अखेरच्या काळात त्याला पैसे पुरवणाऱ्यांत फ्रँक लॉइड राइटही होता. हाताखाली शिकलेला आणि १८९३ मध्ये वाद होऊन बाहेर पडलेला हाच तो शिष्य.

अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेनं सलिव्हनला सुवर्णपदक दिलं, ते १९४४ मध्ये. मृत्यूनंतर तब्बल २० वर्षांनी.