बाळू पालवणकर : मैदान जिंकले, नेतृत्व दूरच राहिले

भारतीय फिरकी गोलंदाजीचा इतिहास सांगताना विनू मंकड, सुभाष गुप्ते, बिशनसिंग बेदी ही नावे चटकन ओठांवर येतात. या परंपरेचा आरंभ मात्र भारताच्या पहिल्या कसोटीच्याही कितीतरी आधी, पुण्याच्या लष्करी वस्तीतील एका मैदानावर झाला. तिथे महिना तीन रुपये पगारावर खेळपट्टी झाडणारा आणि रोलर ओढणारा एक मुलगा पुढे आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाज ठरला. त्याचे नाव बाळू पालवणकर. धावफलकावर आणि वृत्तपत्रांत ते 'पी. बाळू' या नावाने ओळखले जात.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजातील, मूळचे कोकणातील पालवण गावचे. वडील लष्करी नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात स्थिरावले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही याच वाटेने आले. चारही भावांनी हिंदू संघाकडून खेळण्याचा मान मिळवला.

जाळीतली शाळा

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या क्लबात दाखल झाले आणि पगार चार रुपये झाला. कामात मैदानाची आखणी, जाळ्या लावणे, टेनिस कोर्टाची देखभाल यांचीही भर पडली. इंग्लंडमध्ये मानधन घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक क्रिकेटपटूंचा वर्ग त्या काळी प्रस्थापित झाला होता. भारतात मात्र व्यावसायिक म्हणजे बहुधा असा मैदानावरचा नोकरच असे.

या क्लबातील सर्वांत नावाजलेले फलंदाज होते हॅम्पशायर परगण्याकडून खेळणारे कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते सरावासाठी इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा करार त्यांनी केला होता असे सांगितले जाते. ती गोष्ट खरी असो वा दंतकथा, हजारो चेंडूंच्या त्या सरावातून एक परिपूर्ण डावखुरा फिरकी गोलंदाज घडला, हे निर्विवाद. अचूक टप्पा, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी आणि वेगातील फसवे बदल ही त्यांची शस्त्रे होती. फलंदाजीची संधी मात्र त्यांना जाळीत कधी मिळाली नाही. बॅट साहेबाची आणि चेंडू चाकराचा, अशी ती वाटणी होती.

चहा मातीच्या भांड्यात

बाळूंची कीर्ती पसरली तेव्हा पुण्यातील हिंदूंच्या क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा होता, पण त्याला संघात घ्यायचे तर शिवाशिवीचे बंधन आड येत होते. अखेर जिंकण्याची ईर्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वांचे हात एकाच चेंडूला लागत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, तर सहकारी आत चिनी मातीच्या कपांतून पीत. जेवणही वेगळ्या जागी, वेगळ्या ताटात होई.

तरीही बळींची रास वाढत गेली. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा त्यांचा पराक्रम पुण्यात गाजला आणि त्यांचा जाहीर सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळायला हरकत नाही, त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत का असावी, असा प्रश्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या निमित्ताने क्लबाच्या सभासदांपुढे ठेवला. सामाजिक सुधारणेचा वाद पुण्यात शिगेला पोहोचला होता, तेव्हाची ही गोष्ट. सुधारक वर्षानुवर्षे सभांमधून जे मांडत होते, ते एका फिरकी गोलंदाजाने खेळाच्या मैदानावर सर्वांसमोर आणून ठेवले होते.

मुंबई आणि १९०६चा विजय

१८९६च्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला आधी विरोध झाला आणि नंतर त्यांच्या गोलंदाजीमुळे तो मावळला. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाल्याने संसाराची चिंता मिटली आणि रेल्वेच्या संघालाही एक हुकमी गोलंदाज लाभला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत झालेल्या सामन्यात हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी मात केली. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. बाळूंनी या सामन्यात आठ गडी बाद केले. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना राज्यकर्त्यांवर मिळवलेला हा विजय देशभर साजरा झाला. चर्मकार बंधू सवर्णांच्या खांद्याला खांदा लावून खेळले, याकडेही सुधारकी वृत्तपत्रांनी मुद्दाम लक्ष वेधले. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. या सामन्यांनी मुंबईचे क्रिकेट गर्दीचे केले आणि बाळू त्या गर्दीचे लाडके होते.

इंग्लंडमधील ११४ बळी

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख खेळाडू एका संघात असण्याची ही पहिलीच वेळ. स्वतः महाराज दौऱ्यात फारसे खेळले नाहीत. संघाने एकूण २३ सामन्यांपैकी १५ गमावले आणि सहाच जिंकले. या निराशाजनक दौऱ्यात बाळूंची कामगिरी मात्र झळाळून उठली. खांद्याचे दुखणे सोसत त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केवळ प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांचे ७५ बळी होते. लीस्टरशायरवरील विजयात त्यांचा वाटा सिंहाचा होता. इंग्लिश जाणकारांना त्यांच्यात आपल्या विल्फ्रेड ऱ्होड्सची आठवण झाली.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या काळी कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनाही या यशाचा मोठा अभिमान होता. आपल्यातील एकाने केवळ गुणांच्या बळावर साहेबाच्या देशात नाव काढले, ही गोष्ट एका अख्ख्या पिढीला उभारी देणारी होती.

कर्णधारपदाचा प्रश्न

बाळूंच्या चेंडूवर सामने जिंकायचे, पण त्यांच्या हाती संघ द्यायचा नाही, हे हिंदू जिमखान्याचे धोरण पुढली दहा वर्षे कायम राहिले. अनुभव, ज्येष्ठता आणि कामगिरी या तिन्ही कसोट्यांवर ते अग्रभागी होते. त्यांच्या पाठीराख्यांनी दर वर्षी मागणी केली, दर वर्षी सवर्ण खेळाडूचीच निवड झाली. हा मान खरे तर बाळूंचा होता, असे १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच आपल्या सत्कारसमारंभात मोकळेपणाने मान्य केले होते.

१९२० मध्ये प्रकरण हातघाईवर आले. चौरंगीच्या पहिल्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी पडल्यावर शिवराम आणि विठ्ठल या ज्येष्ठ खेळाडूंना डावलून त्यांच्याहून कनिष्ठाकडे नेतृत्व देण्यात आले. दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि निवड जातीवर नव्हे तर गुणांवर व्हावी, असे निवेदन प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांत वाद पेटला. काँग्रेसने नागपूर अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले, तेच हे वर्ष. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर असताना काही काळ त्यांनी हिंदू संघाचे नेतृत्वही केले. एवढेच त्यांच्या वाट्याला आले. त्यानंतर त्यांची कारकीर्द संपली.

लढा मात्र वाया गेला नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली, तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या १९४८च्या मराठी आत्मचरित्रात विठ्ठल यांनी या काळाची हकिगत नोंदवून ठेवली. थोरल्या भावाने पेरले, धाकट्याने उगवलेले पाहिले.

निवृत्तीनंतर राजकारणात

खेळ सुटल्यावर बाळू दलितांच्या राजकारणात ओढले गेले. हिंदू समाजात राहूनच, सवर्णांचे मन वळवून समता मिळवता येईल, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या आयुष्याचा अनुभवही काहीसा तसाच होता. दारे उशिरा आणि कुरकुरत उघडली होती, पण उघडली होती. डॉ. आंबेडकर यांचा अनुभव आणि निष्कर्ष वेगळा होता. पूर्वी एकमेकांचा अभिमान बाळगणाऱ्या या दोघांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या.

ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर करून दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. संयुक्त मतदारसंघाचे समर्थक असलेले बाळू त्या वेळच्या वाटाघाटींत सहभागी होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर आंबेडकर, एम. सी. राजा यांच्यासोबत पी. बाळू यांचीही स्वाक्षरी आहे. या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. पुढील वर्षी बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. १९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी त्या विचाराला विरोध दर्शवला.

१९३७च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर आंबेडकरांसमोर बाळूंना उभे केले. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. काँग्रेसला त्यांच्यासमोर तेवढ्याच ओळखीचे नाव हवे होते आणि क्रिकेटच्या वेडाने भारलेल्या मुंबईत बाळूंपेक्षा परिचित दलित नाव दुसरे नव्हते. निकाल चुरशीचा लागला. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दोन हजार वीस मतांच्या या फरकाने बाळूंचा राजकीय डाव संपवला.

काँग्रेसच्या दलित उमेदवाराशी सामना करण्याची वेळ आंबेडकरांवर पुन्हा दोनदा आली आणि दोन्ही वेळा कौल उलटा लागला. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत नारायण काजरोळकर यांनी, तर १९५४च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. राखीव जागा असूनही संयुक्त मतदारसंघात कोण निवडून येईल हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवतात, हा आंबेडकरांचा आक्षेप होता. बाळू ज्या कराराचे भागीदार होते, त्याचीच ही दुसरी बाजू. भंडाऱ्याच्या निवडणुकीनंतर वर्षभराने, ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

उशिराची ओळख

३३ प्रथम दर्जा सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे कोणत्याही काळातील फिरकी गोलंदाजाला भूषण ठरावेत असे आहेत. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, त्यामुळे बाळूंच्या नावापुढे कसोटीचा एकही बळी नाही आणि विक्रमांच्या यादीत त्यांना स्थान नाही. त्यानंतरची अनेक दशके ते विस्मृतीत गेले. २००१ मध्ये आलेल्या 'लगान' चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजामुळे अनेकांना त्यांची आठवण झाली. पाठोपाठ रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासाने त्यांचे चरित्र सविस्तर प्रकाशात आणले.

बाळूंच्या राजकीय भूमिकेशी मतभेद असणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण मातीच्या भांड्यातून चहा पिऊन पुन्हा मैदानात उतरायचे आणि त्याच संघासाठी सामना जिंकून द्यायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. गुणवत्ता सिद्ध झाली की सन्मान आपोआप मिळतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे आयुष्य विचार करायला लावते. १७९ बळी त्यांनी स्वतःच्या बोटांच्या जोरावर मिळवले. कर्णधारपद इतरांनी द्यायचे होते, ते त्यांना कधी पूर्णपणे मिळाले नाही.