स्टोअर सांभाळणारा हवालदार उघडी जीप घेऊन पॅटन रणगाड्यांना भिडला होता

10 सप्टेंबर 1965. सकाळचे नऊ वाजत आले होते. पंजाबच्या खेमकरण भागात, चीमा गावाच्या पुढे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे भारतीय फळीत घुसले होते. एकेक रणगाडा चाळीस टनांहून जड. त्यांच्या बगलेला एक जीप येऊन थांबली. ना छप्पर, ना चिलखत. वर फक्त एक लांब नळीची तोफ.

त्या जीपमध्ये होते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद.

हमीद यांचा जन्म 1 जुलै 1933 चा. गाव उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातलं धामूपूर. वडील मोहम्मद उस्मान शिंपीकाम करायचे. मुलानेही सुई-दोरा हातात धरावा, असं ते घर. पण डिसेंबर 1954 मध्ये हमीद सैन्यात भरती झाले आणि 4 ग्रेनेडियर्स या बटालियनमध्ये आले.

1962 च्या चीन युद्धात ही बटालियन नामका चू नदीवर होती. अपुरा दारूगोळा, अपुरे गरम कपडे आणि समोर कितीतरी मोठी फौज. तिथला पराभव हमीद यांनी जवळून पाहिला.

पुढे ते रणगाडाविरोधी तोफेचे उस्ताद झाले, इतरांना शिकवू लागले. मग बढती मिळाली आणि काम बदललं. क्वार्टरमास्टर हवालदार म्हणजे कंपनीचं रेशन, कपडे, सामान यांचा हिशेब बघणारा माणूस. पण 1965 चं युद्ध पेटलं तेव्हा रणगाडाविरोधी तुकडीला जाणकार माणूस हवा होता. हमीद यांच्याकडे पुन्हा तोफ आली.

आता ही तोफ काय होती, ते समजून घेऊ. कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

तिचं नाव 106 मिलिमीटर रिकॉइललेस गन, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ. साधी तोफ गोळा पुढे फेकते तेव्हा स्वतः जोरात मागे ढकलली जाते. तो धक्का सोसायला जड सांगाडा लागतो. रिकॉइललेस गनमध्ये स्फोटाचा बराचसा वायू मागच्या बाजूने बाहेर सोडतात. पुढचा आणि मागचा जोर एकमेकांना खोडतो. त्यामुळे ती सुमारे 200 किलोंत बसते आणि जीपवर चढवता येते. तिचा खास गोळा रणगाड्याचं जाड पोलाद भेदतो.

पण याची किंमत असते. गोळा सुटला की मागे आगीचा लोळ आणि धुळीचा ढग उठतो. तोफ कुठे आहे, हे शत्रूला लगेच कळतं. म्हणून नियम एकच: गोळा डागा आणि ताबडतोब जागा बदला.

हमीद यांनी तेच केलं. शेतातल्या उभ्या पिकाचा आडोसा घेऊन त्यांनी सगळ्यांत पुढचा रणगाडा उडवला. जीप हलवली. दुसरा रणगाडा पेटवला. एव्हाना बाकीच्या रणगाड्यांनी त्यांना हेरलं होतं. मशिनगन आणि तोफा एका जीपवर रोखल्या गेल्या. तरीही हमीद हटले नाहीत. आणखी एका रणगाड्यावर मारा करत असताना शत्रूचा गोळा आला आणि त्यात ते शहीद झाले. वय होतं 32.

त्यांनी नेमके किती रणगाडे फोडले? लोकांत सात-आठ हा आकडा प्रसिद्ध आहे. परमवीर चक्राच्या मानपत्रात मात्र त्या सकाळचे दोन रणगाडे आणि तिसऱ्यावरचा मारा एवढंच वर्णन आहे. आकडा कोणताही धरा, उघड्या जीपमधून रणगाड्यांच्या रांगेला भिडणं तितकंच अवघड राहतं.

ही लढाई एकट्या हमीद यांची नव्हती. असल उत्तरच्या या लढाईत शेतांत पाणी सोडून पॅटनना चिखलात रुतवलं गेलं. जुने शर्मन रणगाडे घेऊन डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट लढली. तिचे प्रमुख होते अरुण वैद्य. त्यांना महावीर चक्र मिळालं आणि पुढे हाच मराठी माणूस लष्करप्रमुख झाला. पाकिस्तानने इथे 97 रणगाडे गमावले, असा भारताचा हिशेब आहे. हस्तगत केलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीने उभे केले, तेव्हा त्या जागेला नाव पडलं पॅटन नगर.

हमीद यांना परमवीर चक्र जाहीर झालं 16 सप्टेंबरला, म्हणजे आठवड्याभरातच. 26 जानेवारी 1966 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून ते पत्नी रसूलन बीबी यांनी स्वीकारलं. 2000 साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. त्यावर हमीद यांच्यासोबत ती जीप आणि ती तोफही आहे.