विश्लेषण : विकतच्या खेळण्यांशिवाय बालवाडी कशी उभी राहिली? अंगणवाडीमागे असलेल्या ताराबाई मोडक कोण होत्या?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला घरात गुंतवून कसे ठेवायचे, हा आज बहुतेक आईवडिलांपुढचा प्रश्न आहे. ऑनलाइन बाजारात त्याचे उत्तर शैक्षणिक खेळण्यांच्या महागड्या संचात मिळते, तर घरात ते बहुतेक वेळा मोबाइलमध्ये शोधले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावी. मग उरलेल्या वेळात काय करायचे? महाराष्ट्रात या प्रश्नावर सुमारे ८० वर्षांपूर्वी मोठे काम झाले. तेही अशा वस्त्यांमध्ये, जिथे खेळणी विकत घेण्याचा विचारही कोणी करू शकत नव्हते. त्या कामामागे होत्या ताराबाई मोडक.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेर केळकरांचे. घरात प्रार्थना समाजाचे वातावरण होते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीपर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचा विवाह झाला. मात्र हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. नवऱ्यापासून वेगळे होऊन स्वतःच्या कमाईवर जगणे त्या वेळी सोपे नव्हते. ताराबाईंनी राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, पगार चांगला होता. पण तिथे त्या फार काळ थांबल्या नाहीत.

भावनगरला काय घडले?

भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था होती. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिक्षण असते, हीच कल्पना तेव्हा नवी होती. मूल शाळेच्या वयाचे होईपर्यंत ते घरात नुसते सांभाळायचे आणि शाळेत गेल्यावर त्याला शिस्त लावायची, असाच सार्वत्रिक समज होता. शिस्त म्हणजे छडी, हेही ठरलेले होते.

ताराबाई १९२३ मध्ये गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. लहान मूल खेळता खेळता शिकते, त्याला भीती दाखवण्याची गरज नसते, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघत असे. पुढे ते मराठीतही निघू लागले आणि त्याच्या संपादनाची जबाबदारी ताराबाईंनी सांभाळली. मुलांचा हट्ट, शिस्त, मारहाण या रोजच्या प्रश्नांवर त्यांनी पालकांसाठी सातत्याने लिहिले.

माँटेसरी पद्धत नेमकी काय होती?

भावनगरच्या प्रयोगाचा पाया इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा होता. माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. मूल हाताने वस्तू हाताळते, तीच कृती पुन्हा पुन्हा करते आणि त्यातून त्याची बुद्धी घडते, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते.

त्यासाठी त्यांनी खास साधने बनवली. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणाऱ्या कमी-जास्त जाडीच्या दट्ट्या, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा मनोरा, बोट फिरवून गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे, बटणे लावायच्या चौकटी. या साधनांचे वैशिष्ट्य असे, की मुलाची चूक त्याला स्वतःलाच दिसते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातली तर शेवटी एक उरते. मोठ्यांनी ओरडण्याची वेळच येत नाही.

अडचण होती ती किमतीची. अचूक मापाची, रंगवलेली ही साधने महाग होती. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत त्यामुळे अनेक ठिकाणी सुखवस्तू घरांतील मुलांपुरती राहिली.

मुंबई सोडून बोर्डीला का गेल्या?

गुजरातमधून परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. तिथे बालशिक्षण आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण, अशी दोन्ही कामे चालत. मध्यमवर्गीय पालकांचा प्रतिसाद होता, नाव झाले होते. मात्र ज्या मुलांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे ती शिशुविहारात येत नाहीत, हा प्रश्न सुटलेला नव्हता. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३७ मध्ये वर्ध्यात मांडली गेलेली नई तालीमची योजनाही सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. त्याआधीच्या वयाचे काय, हे ठरायचे होते.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघरमध्ये येतो. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बालविधवा असूनही जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ याच वेळी त्यांच्यासोबत आल्या आणि अखेरपर्यंत या कामात राहिल्या.

याच वर्षी डहाणू-तलासरी पट्ट्यात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या नेत्या होत्या. ज्या घरांतील मोठी माणसे जमीनदाराकडे फुकट राबत होती, त्या घरांतील मुलांसाठी खेळ आणि गाणी घेऊन जायचे होते.

साहित्य कुठून आणले?

खेड्यात परदेशी पद्धतीची साधने आणणे शक्य नव्हते. ताराबाईंनी साधन आणि साधनामागचे तत्त्व वेगळे केले. लहान-मोठे ओळखणे, जोड्या लावणे, क्रम लावणे, स्पर्शाने फरक कळणे, बोटांवर ताबा मिळवणे ही तत्त्वे. ती शिकवण्यासाठी लाकडी ठोकळेच हवेत, असे नाही.

बोर्डीला समुद्र होता, त्यामुळे शंख-शिंपले होते. झाडांची पाने, फुले, बिया, काड्या, खडे होते. माती होती. शिंपल्यांचे आकारानुसार ढीग करता येतात, पाने एकमेकांशी जुळवता येतात, खडे मोजता येतात, मातीत बोटाने रेघ ओढता येते. मुले ज्या वस्तूंशी एरवीही खेळत होती त्याच शिक्षणाचे साहित्य झाल्या. त्यामुळे खर्च जवळपास शून्यावर आला आणि मुलांना बालवाडी परकी वाटेनाशी झाली.

सुरुवात मात्र खेळाने होत नसे. आधी मुलांचे हातपाय धुणे, अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. स्वतःचे तोंड स्वतः धुणे, केसांतून स्वतः फणी फिरवणे, हीसुद्धा लहान मुलासाठी मोठी कामगिरी असते.

अंगणवाडी कशी सुरू झाली?

एवढे करूनही गरीब वस्तीतील मुले केंद्रात येईनात. कुणाचे आईवडील पहाटेच कामाला जात, कुणाला घरचे धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाला गावातल्या वरच्या जातीच्या वस्तीतून जाण्याचीच भीती. दोष पालकांच्या अनास्थेवर ढकलून मोकळे होता आले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, तिथेच मुले गोळा करायची आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे.

त्यामुळे बालवाडीचे दोन प्रकार तयार झाले. केंद्रवर्ती बालवाडी ठरलेल्या वेळेत, दिवसाला सुमारे पाच तास चाले. अंगण बालवाडी मुलांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या वस्तीत भरे. आज घराघरांत माहीत असलेल्या अंगणवाडी या शब्दामागे हाच प्रयोग असल्याचे मानले जाते.

अंगणात बालवाडी भरल्याचा एक वेगळा फायदाही झाला. आई-आजी काम करता करता ते पाहत. बाई मुलाशी कशी बोलते, ते चुकले तर काय करते, रडले तर काय करते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

कोसबाडला कोणता नवा प्रयोग झाला?

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात हलले. येथे विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, अशी तिची रचना होती. त्यामागचे कारण साधे होते. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भावंड असते. भावंडाची सोय पाळणाघरात झाली की मुलगी वर्गात बसू शकते.

गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. ती दिवसभर रानात असत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना झाडाखाली धडे होऊ लागले.

पुढे काय झाले?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालवले. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

घरी काय करता येईल?

ताराबाईंच्या कामातील तत्त्वे आजच्या घराला लावायची, तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करता येते.

डबे आणि झाकणे : स्टीलचे चार-पाच डबे आणि त्यांची झाकणे वेगळी करून द्यावीत. चुकीचे झाकण बसत नाही, त्यामुळे चूक मुलाची त्यालाच कळते. माँटेसरींच्या दट्ट्यांचे तत्त्व हेच.

पाणी ओतणे : परातीत दोन पेले ठेवून एकातले पाणी दुसऱ्यात ओतू द्यावे. मनगटावर ताबा येतो. सांडलेले पाणी पुसणे हाही खेळाचाच भाग.

मेथी निवडणे : पाने खुडताना अंगठा आणि तर्जनीची चिमटी तयार होते. पुढे पेन्सिल धरायला तीच लागते.

जोड्या लावणे : धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या शोधणे, रुमालाची घडी घालणे, चमचे आणि वाट्या वेगळ्या करणे.

रव्यात रेघा : ताटात रव्याचा पातळ थर पसरून बोटाने रेघा, गोल, नंतर अक्षरे काढणे. ताट हलवले की पाटी कोरी.

पानांचा खेळ : फिरायला गेल्यावर पडलेली पाने गोळा करून लहान-मोठी, गुळगुळीत-खरखरीत अशी लावणे. प्रत्येक पानाबद्दल बोलत राहिले की शब्दसंग्रहही वाढतो.

कोणती काळजी घ्यावी?

शेंगदाणे, चणे, वाटाणे, मणी, नाणी आणि बटणाएवढे सेल तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. ते घशात किंवा नाकात अडकू शकतात. पाण्याचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच असावा. एका वेळी एकच खेळ द्यावा. मूल तीच कृती दहा वेळा करत असेल तर थांबवू नये आणि झाकण बसत नसेल तर लगेच हात पुढे करू नये. मूल कंटाळले, तर तो खेळ तिथेच संपवावा.

आज हे का महत्त्वाचे?

अंगणवाडीच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्यासोबत पूर्वप्राथमिक शिक्षणाचाही समावेश आहे. तरीही अनेक ठिकाणी अंगणवाडीची ओळख खाऊ मिळण्याची जागा, एवढीच राहिली. शिकायचे असेल तर फी भरून नर्सरीत जायचे, असा समज शहरांपासून खेड्यांपर्यंत पसरला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. या टप्प्यावर खेळातून शिक्षण व्हावे, असेही त्यात म्हटले आहे. बोर्डीच्या अंगणात हे १९४५ पासून सुरू होते. त्यासाठी लागले ते शिंपले, पाने, झाडलेले अंगण आणि मुलांजवळ बसायला वेळ काढणारे एक मोठे माणूस. यातली पहिली तीन साधने प्रत्येक घरात कोणत्या ना कोणत्या रूपात सापडतात. चौथ्याची सोय मात्र आईवडिलांना, आजीआजोबांना किंवा अंगणवाडीच्या ताईंनाच करावी लागते.