कोळशाने लिहिलेलं नाव

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने माझ्यापुढे दोन नकाशे टाकले आणि मामा, आता तुम्हीच ठरवा, असं म्हणून तो मोकळा झाला. सह्याद्रीत त्याच्याबरोबर मी पुष्कळ भटकलो आहे. पण हे नकाशे पेरू देशाचे होते. दोन्ही वाटा इंका लोकांच्या उजाड नगरांकडे जाणाऱ्या. पहिली माचू पिचूची. चार दिवस, साधारण त्रेचाळीस किलोमीटर, मध्ये ४,२१५ मीटर उंचीवरची खिंड. हमाल-वाटाडे धरून दिवसाला पाचशेच माणसं सोडतात, त्यामुळे परवाना कित्येक महिने आधी काढायचा. दुसरी वाट चोकेकिराओची. आपुरिमाक नदीच्या दरीत सुमारे दीड हजार मीटर उतरायचं, पलीकडे तितकंच चढायचं, आणि परतीलाही तेच. आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजली तरी १,६४६ मीटर! माझ्या गुडघ्यांनी हा आकडा ऐकून जे म्हटलं ते इथे सांगत नाही.

बँकेत असताना मी शेकडो प्रकरणं मंजूर-नामंजूर केली, पण हे काही टेबलावरून हलेना. तेव्हा जुन्या सवयीने मागची फाईल काढली. म्हणजे या दोन्ही वाटांवर ज्याचं नाव सारखं आडवं येतं, त्या हायरम बिंगहॅमचं चरित्र वाचायला घेतलं.

बिंगहॅम १८७५ साली होनोलुलूला जन्मला. आजोबा हवाईत गेलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी, वडीलही मिशनरी. घरात शिस्त भरपूर, पैसा बेताचा. येल, बर्कली, हार्वर्ड अशी विद्यापीठं करत १९०५ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याआधी १९०० साली टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्यांच्या नातीशी, आल्फ्रेडाशी, त्याचं लग्न झालं होतं. पुढच्या भटकंतीमागे सासरच्या संपत्तीचा आधार होता, हे चरित्रकार जरा हळू आवाजात सांगतात. मी बँकवाला असल्याने मोठ्याने सांगतो.

तो दक्षिण अमेरिकेच्या अर्वाचीन इतिहासाचा प्राध्यापक. अवशेष-उत्खनन यांत त्याला ना शिक्षण, ना फारसा रस. १९०९च्या फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, पेरूतल्या आबांकाय गावी तो पोचला, तेव्हा तिथल्या प्रांताधिकाऱ्याने त्याला चोकेकिराओला जायची गळ घातली. गंमत अशी, की नावामागे डॉक्टर आहे म्हणजे याला जुन्या खजिन्यातलं नक्की कळत असणार, असा त्या भल्या गृहस्थाचा समज! बिंगहॅम नाखुशीने निघाला. चिखल, घसरण, खाली गर्जणारी आपुरिमाक आणि तिच्यावरचा झुलता पूल. वर पोचल्यावर काय करायचं ठाऊक नव्हतं, म्हणून प्रवाशांसाठीचं एक हस्तपुस्तक उघडून त्यात सांगितल्याप्रमाणे मोजमापं घेतली, फोटो काढले. भिंतींवर आधी येऊन गेलेल्यांची नावं होती, पार १८३४ सालापासूनची. आपण पहिले नाही हे त्याला स्वच्छ दिसलं. पण त्याच ओल्या धुक्यात त्याला इंकांनी झपाटलं. स्पॅनिश लोकांपासून पळालेल्या शेवटच्या इंकांची राजधानी विल्काबाम्बा म्हणजे हेच ठिकाण, असं तेव्हा मानत. त्याला ते पटेना, आणि ती राजधानी शोधण्यासाठी १९११ साली तो येलची मोहीम घेऊन परत आला.

२४ जुलै १९११. उरुबांबा नदीकाठी, नुकत्याच झालेल्या खेचरांच्या रस्त्यालगत मुक्काम. मेल्चोर आर्तेआगा नावाचा स्थानिक शेतकरी म्हणाला, वर डोंगरावर अवशेष आहेत. सकाळी पाऊस भुरभुरत होता. पथकातल्या निसर्गतज्ज्ञाला नदीकाठची फुलपाखरं सोडवेनात, डॉक्टरांना कपडे धुवायचे होते. एक सोल मजुरीवर आर्तेआगा तयार झाला, आणि बिंगहॅम व एक पेरूचा सार्जंट असे तिघेच निघाले. ओंडक्यांच्या पुलावरून बिंगहॅम चक्क रांगत गेला. वर पोचला तर तिथे माणसं! रिचार्ते आणि आल्वारेस ही कुटुंबं इंकांच्याच पायऱ्यांच्या शेतांत पीक काढत होती. त्यांनी पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली, आणि एक लहान पोरगा सोबत दिला. जगाने ज्याला हरवलेलं शहर म्हटलं, ते बिंगहॅमला त्या पोराने दाखवलं.

आणि तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं: लिसारागा, १९०२.

हा आगुस्तीन लिसारागा त्याच खोऱ्यातला शेतकरी. बिंगहॅमने आपल्या रोजवहीत प्रामाणिकपणे नोंद केली, की माचू पिचूचा शोध लावणारा हा. पण रोजवहीतली नोंद खतावणीत उतरायला हवी ना! पुढच्या लिखाणात हे नाव फिकट होत गेलं. १९४८ सालच्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात ते श्रेय उरलं नव्हतं. लिसारागा बोलायला नव्हताच. १९१२ सालीच तो नदीत बुडाला होता.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या एका शाखेत ड्राफ्टचा एक बनावट व्यवहार एका तरुण कारकुनाच्या नजरेला आला. अहवाल माझ्या सहीने गेला, कौतुकाचं पत्र माझ्या नावाने आलं. मी त्याला चहा पाजला. मुख्य कचेरीला मात्र काही कळवलं नाही. लबाडी नव्हती हो ती. फक्त कागद पुढे गेला आणि मी थांबवला नाही. बिंगहॅमचंही असंच काहीसं झालं असेल का? त्याला झोडपायला आलेला माझा हात तिथे जरा खाली आला.

त्याचं पुढचं आयुष्य म्हणजे भरधाव गाडी. १९१२ आणि १९१४-१५च्या मोहिमा, अवशेष चोरून नेल्याचे आरोप, महायुद्धात फ्रान्समधल्या विमानदलाच्या प्रशिक्षण तळाची जबाबदारी, कनेक्टिकटचं एका दिवसाचं गव्हर्नरपद, मग सिनेट. तिथे एका कारखानदार संघटनेच्या माणसाला आपल्या पगारपटावर घेतलं म्हणून १९२९ साली सिनेटने त्याच्यावर ठपका ठेवला. पुन्हा नोंदवहीचाच मामला! १९३७ साली घटस्फोट. १९४८ साली माचू पिचूच्या नागमोडी रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं, तेव्हा तो स्वतः हजर होता. १९५६ साली तो गेला. येलला नेलेल्या वस्तू मात्र पेरूने २००८ साली दावा लावल्यानंतर, २०११-१२ साली परत गेल्या.

शेवटपर्यंत तो म्हणत राहिला, की माचू पिचू हीच शेवटची राजधानी विल्काबाम्बा. ती खरी होती एस्पिरितू पाम्पाच्या जंगलात, आणि ऑगस्ट १९११ मध्ये तो तिथेही जाऊन आला होता! थोडे पडके चौथरे पाहिले, शिधा संपत आला होता, वळून मागे आला. १९६४ साली जीन सॅव्हॉयने तिथला विस्तार दाखवून दिला.

भाच्याला मी चोकेकिराओ सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं. पण नाखूश, गोंधळलेला, हातात हस्तपुस्तक घेऊन भिंती मोजणारा तो बिंगहॅम मला जास्त जवळचा वाटतो. मे महिन्यात, पाऊस नसताना जायचं, सामान खेचरावर टाकायचं, घाई करायची नाही, असं ठरलं आहे. त्या कारकुनाचा पत्ता मी मिळवला आहे. तोही आता निवृत्त झाला. पत्राचा कच्चा खर्डा झाला आहे, दोनदा फाडलाही. आणि सकाळी पर्वती चढतो. पहिल्या आठवड्यात एकदा, आता दोनदा.