डॉक्टर बर्नार्डो : मुलें मोठीं झाल्यावर

बोर्डिंगांत ज्यांनीं बालपण काढलें अशा आमच्या वाचकांस तो दिवस ठाऊक असेल. परीक्षा संपलेली, वळकट्या बांधलेल्या, आणि मुलें आपापल्या गांवीं जावयास निघालेलीं. ज्याला गांवीं कोणीच नाहीं, त्याच्या मनांत त्या दिवशीं काय येत असेल याचा विचार फार थोडे लोक करितात. अनाथास आंत घेणारीं दारें जगांत पुष्कळ आहेत. पण त्यास बाहेर सोडतांना कोणाच्या हातीं सोडावयाचें, हा प्रश्न बहुधा मागाहून सुचतो. ज्या गृहस्थांनीं हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हातीं घेतला, त्यांत यशहि मिळविलें आणि मोठी चूकहि केली, त्या डॉक्टर तॉमस बर्नार्डो यांची हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बर्नार्डो यांचा जन्म ता. ४ जुलै १८४५ रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. त्यांचा बाप जर्मनीकडून येऊन तेथें स्थायिक झालेला, लोकरीदार कातड्यांचा व्यापारी होता. १८६२ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तॉमसच्या मनाचा पालट झाला, आणि चीन देशांत मिशनरी म्हणून जावें असें त्यानें ठरविलें. त्याकरितां वैद्यकी शिकावी म्हणून १८६६ सालीं तो लंडन शहरीं आला. चीनला तो कधींच पोंचला नाहीं. त्याच वर्षीं लंडनच्या पूर्वभागांत पटकीची सांथ आली आणि हजारों माणसें मेलीं. तरुण बर्नार्डो गल्लोगल्लीं आजाऱ्यांकडे जाऊं लागला, व तेथील पोरक्या मुलांसाठीं त्यानें एका जुन्या गाढवखान्यांत रात्रीची शाळा घातली.

जिम जार्व्हिस नांवाच्या मुलाची गोष्ट त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविली आहे. एका थंडीच्या रात्रीं शाळा सुटली तरी हा मुलगा शेगडीपाशींच बसून राहिला. घरीं जा म्हणून सांगितलें, तेव्हां आपल्याला घर नाहीं व आईबाप नाहींत असें त्यानें उत्तर दिलें. बर्नार्डोंस तें खरें वाटेना. मग मुलानेंच त्यांना मध्यरात्रीं एका भिंतीवरून छपरावर चढविलें. तेथें अकरा मुलें, अंगावर चिंध्या, एकमेकांस बिलगून उघड्यावर निजलेलीं होतीं.

१८७० सालीं स्टेपनी कॉजवे नांवाच्या रस्त्यावर त्यांनीं मुलांसाठीं पहिलें घर उघडलें. पैसे असतील तितक्याच मुलांना घ्यावयाचें, कर्ज करावयाचें नाहीं, असा आरंभीं त्यांचा नियम होता. व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नव्हतें. परंतु ज्याला सोबती गाजर म्हणून हांक मारीत असा तांबड्या केसांचा एक अकरा वर्षांचा मुलगा जागा मागावयास आला, आणि जागा नाहीं म्हणून त्याला पुढच्या खेपेस येण्यास सांगण्यांत आलें. थोड्याच दिवसांनीं तो एका पिंपांत मेलेला सांपडला. उपास व थंडी यांनीं त्याचा प्राण घेतला होता. तेव्हांपासून कोणत्याहि निराश्रित मुलास परत पाठवावयाचें नाहीं, असा फलक त्या घरावर लागला, आणि तो नियम बर्नार्डोंनीं मरेपर्यंत पाळला. हिशेबाच्या वह्यांचें त्यामुळें काय झालें हें पुढें येईलच.

पण दार असें सताड उघडें ठेविल्यावर आंतलीं मुलें बाहेर पडलींच पाहिजेत. नाहीं तर नव्यांना जागा कोठून मिळावी? म्हणून प्रथमपासून बर्नार्डोंनीं धंदेशिक्षणावर भर दिला. स्टेपनीच्या घरांत मुलें सुतारकाम, शिंपीकाम, जोडे शिवणें व ब्रश करणें शिकत. सर्वांत अवघड होते ते सतरा ते वीस वर्षांचे तरुण. असला मुलगा मुलांच्या घरांत शोभत नाहीं, आणि त्याला धंदा येत नसल्यानें कोणी कामावर घेत नाहीं. भीक मागावी तर पोलीस धरितात, न मागावी तर पोट राहत नाहीं. अशांसाठीं १८८० नंतर लवकरच कमर्शियल रोडवर एक निराळें श्रमगृह निघालें. तेथें लांकडें फोडणें, मालाच्या पेट्या ठोकणें, सोडावॉटर भरणें अशीं कामें असत. कित्येक आठवडे मुलगा वेळेवर उठतो कीं नाहीं, कामाला टिकतो कीं नाहीं हें पाहत, व मग त्याला नोकरी लावून देत किंवा परदेशीं पाठवीत. आम्हांस हें श्रमगृह त्यांच्या सर्व कामांत शहाणपणाचें वाटतें. दयेचा पैसा लहान मुलाच्या गोंडस चेहऱ्याकडे सहज जातो. मिशा फुटूं लागलेल्या दांडग्या पोराकडे जात नाहीं.

मुलींच्या बाबतींत त्यांची पहिली चाल फसली. १८७३ सालीं त्यांचें लग्न सिरी एल्म्स्ली या बाईशीं झालें, आणि लग्नाची भेट म्हणून बार्किंगसाईड या गांवीं एक मोठें घर मिळालें. त्या जोडप्यानें तेथें सुमारें साठ मुली एकत्र ठेविल्या. एके दिवशीं मुलींचें आपसांतील बोलणें बर्नार्डोंच्या कानीं पडलें, व तें इतकें ओंगळ होतें कीं, एवढ्या घोळक्यांत कोणतीच मुलगी सुधारणार नाहीं अशी त्यांची खात्री झाली. म्हणून १८७६ सालीं तेथें एक खेडेंच वसविण्यांत आलें. हिरवळीभोंवतीं लहान लहान घरें, प्रत्येक घरांत एक आई म्हणून नेमलेली बाई, आणि लहानमोठ्या मुली मिळून एक कुटुंब. पुढें हीं घरें साठांहून अधिक झालीं. तेथें मुलगी स्वयंपाक, धुणें, शिवण शिके. ती बहुतेक मोठ्या लोकांकडे घरकाम करण्यासाठींच जाई. याहून वेगळी वाट त्यांना थोडीच दाखविली गेली, आणि हें आज आम्हांस तोकडें वाटतें. तरी एकदां कुटुंबांत राहिलेली मुलगी दुसऱ्याच्या घरीं वावरण्यास बिचकत नसे, एवढें खरें.

आतां कानडाची हकीकत सांगितली पाहिजे. लंडनांत कामें थोडीं आणि माणसें फार. समुद्रापलीकडे जमीन अफाट आणि हात थोडे. हा हिशेब बर्नार्डोंच्या आधींहि इतरांनीं मांडला होता. १८८२ सालीं त्यांची पहिली टोळी गेली. प्रत्येक मुलाला नव्या कपड्यांची एक पेटी व बायबल मिळे. तेथें शेतकरी करार करून त्याला घेत, आणि मजुरीचा पैसा संस्था जपून ठेवून तो वयांत आल्यावर देई. मॅनिटोबा प्रांतांत मोठ्या मुलांना शेतकाम शिकविण्यासाठीं शेतहि होतें. कांहीं मुलांना चांगले धनी मिळाले. तीं तेथें जमीन घेऊन, लग्नें करून सुखी झालीं. पण शेतें एकमेकांपासून कोसकोस दूर, आणि तपासणीस येणारा माणूस क्वचितच येई. कित्येकांना शाळेंत पाठविण्याची अट पाळली गेली नाहीं, कित्येकांनीं मार खाल्ला, आणि भावंडें अशीं फुटलीं कीं पुन्हा भेटलींच नाहींत. १८९५ सालीं जॉर्ज ग्रीन नांवाचा मुलगा ऑन्टेरिओ प्रांतांतील एका शेतावर गेल्यावर कांहीं महिन्यांतच हालानें मेला. खटला झाला, पण ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. दोन वर्षांनीं, १८९७ सालीं, अशा मुलांविषयीं त्या प्रांतानें कायदा केला.

बर्नार्डोंचे दोष झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परीक्षा उतरण्यापूर्वींच ते डॉक्टर ही पदवी लावीत. मदत मिळावी म्हणून मुलांच्या आधींच्या व नंतरच्या तसबिरी विकीत, आणि पहिल्या तसबिरीसाठीं मुलांना कधीं कधीं मुद्दाम चिंध्या चढवीत. १८७७ सालीं पंचांपुढें याची चौकशी झाली. मोठ्या आरोपांतून ते सुटले, पण या तसबिरींस पंचांनीं नांवें ठेविलीं. आईबाप नालायक आहेत असें वाटलें कीं ते मूल परत देण्यास नाकारीत. एका आईनें आपला मुलगा मागितला, तेव्हां तो कानडाच्या माणसाबरोबर आधींच गेलेला होता. तो खटला वरच्या न्यायसभेपर्यंत चढला व १८९२ सालीं निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. गरीब बाईचा आपल्या मुलावर हक्क आहे, ही गोष्ट या दयाळू माणसाला कळावयास न्यायाधीश लागले, याचा विस्मय आम्हांस अजून वाटतो.

ता. १९ सप्टेंबर १९०५ रोजीं ते वारले. त्यांच्या हयातींत सुमारें ६०,००० मुलांस आसरा मिळाला होता. मृत्यूच्या वेळीं ९६ घरांत ८,००० हून अधिक मुलें होतीं, आणि संस्थेवर सुमारें अडीच लाख पौंडांचें कर्ज होतें. त्यांची रक्षा बार्किंगसाईडच्या त्या खेड्यांतच पुरली आहे.

मुलें कानडास पाठविणें त्यांच्या मागेंहि पुष्कळ वर्षें चाललें. सर्व संस्था मिळून सुमारें एक लाख मुलें तिकडे गेलीं. अशा मुलांपैकीं जीं हयात होतीं त्यांची ब्रिटिश सरकारनें २४ फेब्रुवारी २०१० रोजीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. बर्नार्डोंची संस्था अजून चालू आहे, पण मोठीं अनाथगृहें तिनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंद केलीं. आतां तिच्या कामाचा एक भाग सरकारी आसऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठीं असतो. सोळा वर्षांवरील मुलगा किंवा मुलगी एखाद्या कुटुंबाच्या घरीं खोली घेऊन राहते. स्वयंपाक, भाडें, बँकेचें पुस्तक, नोकरीचा अर्ज हें सर्व त्या कुटुंबाच्या मदतीनें हळूहळू शिकते. इंग्लंडांत २००० सालच्या कायद्यानें अशा प्रत्येक तरुणास एक सल्लागार माणूस नेमून देणें सरकारवर बंधनकारक झालें, आणि २०१७ सालच्या कायद्यानें ती मदत पंचविसाव्या वर्षापर्यंत मागतां येऊं लागली. कानडास गेलेल्या मुलांजवळ पेटी होती, बायबल होतें, बँकेंत पैसेहि होते. चूक झाली तर रात्रीं परत येऊन ठोठावतां येईल असें दार मात्र समुद्राच्या अलीकडे राहिलें होतें.